शब्दचर्चा : प्रॉडक्टिव्हिटी म्हणजे उत्पादकता की उरक? (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांची गावे दिली आहेत.)

चोपडा : संगणकाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही एक कार्यशाळा घेत आहोत. पत्रकावर ‘उत्पादकता सॉफ्टवेअर आणि वैयक्तिक कार्यप्रवाह’ असे छापायचे घाटत होते. पण येणाऱ्यांतली बरीच मुले केळी-कापूस पिकवणाऱ्या घरांतली आहेत आणि त्या घरांत उत्पादकता म्हणजे हेक्टरी किती माल निघाला, एवढाच अर्थ घेतला जातो. ‘प्रॉडक्टिव्हिटी’ आणि ‘वर्कफ्लो’ या दोन संज्ञांना चपखल मराठी शब्द कोणते?

जळगाव : ‘उत्पादकता’ चुकीचा शब्द नाही, तो गुणोत्तराचा शब्द आहे. जमीन, श्रम किंवा भांडवल जितके लावले त्या मानाने किती निघाले, हे त्याने मोजतात. माणसाविषयी बोलताना मात्र ‘तिची उत्पादकता चांगली आहे’ असे आपण म्हणत नाही, ‘तिच्या कामाला उरक आहे’ असे म्हणतो. हाती घेतलेले काम रेंगाळू न देता शेवटास नेणे हा उरकाचा गाभा आहे आणि या सॉफ्टवेअरकडून अपेक्षा असते तीही हीच.

एक उदाहरण घेऊ. अडत्याच्या पट्टीवरील (माल विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवरील) नाव, तारीख, वजन आणि रक्कम दुसऱ्या तक्त्यात उतरवायची असेल, तर साध्या कॉपी-पेस्टने दोन खिडक्यांमध्ये चार खेपा होतात. विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून क्लिपबोर्डचा, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो त्या जागेचा, इतिहास राहतो. विंडोजची कळ आणि व्ही एकत्र दाबून तो एकदा सुरू केला, की चारही गोष्टी ओळीने कॉपी करून घ्याव्यात आणि मग तक्त्यात जाऊन त्याच कळांनी उघडणाऱ्या यादीतून एकेक निवडावी. ही यादी २५ नोंदींपर्यंतच असते आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर पिन केलेल्याच (मुद्दाम टाचून ठेवलेल्या) नोंदी उरतात. (कॉपी केलेला पासवर्डही त्या यादीत दिसू शकतो, हे मुलांना आधीच बजावावे.) याला ‘उत्पादकता वाढली’ म्हणणे जड वाटते; ‘उरक वाढला’ हे सहज तोंडी येते.

नाम घ्यावे, क्रियापद मात्र जपून वापरावे. ‘उरकून टाकले’ यात कसेबसे संपवल्याची छटा आहे.

धुळे : उरक मान्य. ‘कार्यप्रवाह’ मात्र मला खटकतो, कारण प्रवाह आपोआप वाहतो आणि वर्कफ्लो कोणीतरी आखलेला असतो. आमच्या पांझरेकाठच्या फड पद्धतीत बंधाऱ्यातून पाटाने आलेले पाणी पाटकरी ठरल्या क्रमाने देतो आणि पाळी नसताना कोणी ते आपल्याकडे वळवत नाही. कार्यालयातले बिल लिपिकाकडून अधीक्षकाकडे आणि तेथून लेखा शाखेकडे जाते, तेही असेच. म्हणून ‘पाळी’ सुचवतो.

जळगाव : अनेक हातांतून जाणाऱ्या कामाला ‘पाळी’ शोभेल, पण चोपड्याहून विचारले आहे ते वैयक्तिक वर्कफ्लोबद्दल, आणि तिथे दुसरा हातच नसतो. त्यासाठी ‘कामाची घडी’ हा वापरातला शब्द आहे, शिवाय त्याची क्रियापदेही तयार आहेत : घडी बसते, बसवता येते, विस्कटते. फाइलींना नावे देण्याची एक रीत ठरवणे हा घडी बसवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मला वाटतो. नावाच्या सुरुवातीला दिवस लिहिला, तर नावानुसार लावलेल्या यादीत सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात. ‘२०२५-०३-१४-केळी-पट्टी’ असे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिले, तर फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. आयएसओ ८६०१ या १९८८ च्या मानकातही तारखेचा क्रम हाच आहे.

चोपडा : मग शीर्षक ‘संगणकावरील कामाचा उरक आणि घडी’ असे ठेवतो. ‘शॉर्टकट’चे काय करावे? एका सहकाऱ्याने ‘आडवाट’ सुचवला आहे.

धुळे : आडवाट नको; तिच्यात मुख्य रस्ता चुकवल्याचा अर्थ येतो, आणि कंट्रोल-एस दाबून फाइल जतन करणारा काहीच चुकवत नसतो. ‘शॉर्टकट’ सर्वांना कळतो, तोच ठेवावा. फक्त डेस्कटॉपवरच्या चिन्हालाही तेच नाव असल्यामुळे, कळांविषयी बोलताना ‘कीबोर्ड शॉर्टकट’ असे पूर्ण लिहावे.