ब्युइक लेसेबर (२०००–२००५) आणि ३८०० इंजिन : घ्यावी का? काय तपासावे?

नवा_चालक
२००२ ची ब्युइक लेसेबर कस्टम बघून ठेवली आहे. गाडी पहिल्यापासून ओहायोत, मालक एकच, ओडोमीटरवर १,१८,००० मैल. इंजिन ३८०० सीरिज टू. या इंजिनाबद्दल दोन टोकांची मतं वाचायला मिळतात. कोणी म्हणतं दोन लाख मैल बिनघोर जातं, कोणी म्हणतं इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) कधी दगा देईल याचा नेम नाही. दोन्ही खरं कसं असेल? आणि हे इंजिन ब्युइकने एकदा विकून टाकलं होतं, मग परत विकत घेतलं, हे खरं आहे का? घेण्याआधी नेमकं काय बघू, तेही सांगा.

फ्लिंटकर
विकलं होतं, हे अगदी खरं. आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच इतिहासात आहे.

डेव्हिड डनबार ब्युइक हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, डेट्रॉइटमध्ये प्लंबिंगचा धंदा करणारा माणूस. बिडाच्या बाथटबवर पोर्सेलिन इनॅमल चढवण्याची पद्धत ही त्याची मोठी कामगिरी. ब्युइक मोटर कंपनी १९०३ ची. वॉल्टर मार आणि युजीन रिचर्ड यांच्यासारखे लोक हाताशी असल्यामुळे वरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेलं इंजिन या कंपनीने सुरुवातीपासून धरून ठेवलं. बाकीचे साइड-व्हॉल्व्ह वापरत होते तेव्हाची ही गोष्ट. १९०४ मध्ये विल्यम ड्युरंटने कंपनीची सूत्रं घेतली आणि १९०८ मध्ये ब्युइकच्याच पायावर जनरल मोटर्स उभी केली. पैसा आणि नाव ब्युइकचं होतं. जीएम नंतर आली.

आता तुमचं इंजिन. १९६२ च्या स्पेशलमध्ये ब्युइकने १९८ घन इंचांचा व्ही६ दिला. ॲल्युमिनियमच्या २१५ व्ही८ वरून घडवलेला, पण ओतकाम बिडाचं. पुढे तो २२५ झाला. स्वस्त पेट्रोलच्या त्या काळात व्ही६ ला गिऱ्हाईक कमी, म्हणून १९६७ मध्ये यंत्रसामग्री कायझर-जीपला विकली. तिथे तो ‘डॉन्टलेस’ नावाने जीप सीजे-५ मध्ये बसला. कायझर-जीप अमेरिकन मोटर्सकडे (एएमसी) गेली, एएमसीने हे इंजिन बंद केलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर जीएमला छोटं इंजिन तातडीने हवं होतं, तेव्हा १९७४ मध्ये तीच यंत्रसामग्री परत विकत घेतली गेली.

१९७५ मध्ये बोअर ३.८ इंच, स्ट्रोक ३.४ इंच असं २३१ घन इंचांचं माप ठरलं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. ९० अंशांच्या ब्लॉकमुळे सुरुवातीला फायरिंग असमान होतं, ९० आणि १५० अंशांच्या अंतराने, आणि इंजिन थरथरायचं. १९७७ मध्ये क्रँकपिन ३० अंशांनी दुभंगून ते समान १२० अंशांवर आणलं. १९८८ मध्ये थरथर कमी करणारा बॅलन्स शाफ्ट आला. याच कुळात ब्युइकची टर्बोवाली ग्रँड नॅशनल आणि १९८७ ची जीएनएक्स, जिच्या फक्त ५४७ गाड्या निघाल्या. १९९५ ची सीरिज टू, एल३६, म्हणजे तुमची: २०५ अश्वशक्ती. उत्पादन २००८ मध्ये थांबलं.

म्हणजे ब्लॉक, क्रँक, टायमिंग चेन, पुशरॉड ही सगळी मंडळी दशकानुदशकं घोटून सुधारलेली. इनटेकचा वरचा भाग मात्र नव्या पिढीत प्लॅस्टिकचा झाला. बीड टिकतं, प्लॅस्टिक दगा देतं. म्हणून दोन्ही मतं खरी.

टॉर्क_रेंच
वरच्याशी पूर्ण सहमत. आता दगा कुठे देतं ते.

पहिलं ठिकाण म्हणजे वरचा इनटेक प्लेनम, म्हणजे मॅनिफोल्डच्या वर बसणारी हवेची पेटी. काच-तंतू घातलेल्या नायलॉनचा असतो. खालच्या मॅनिफोल्डमधून ईजीआरची (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इनटेकमध्ये सोडणारी) तप्त नळी त्यातून वर येते आणि तिच्या अगदी शेजारून थ्रॉटल बॉडीला (हवा आत घेणाऱ्या झडपेच्या भागाला) गरम ठेवणारं कूलंट जातं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने मधली भिंत जळून ठिसूळ होते आणि कूलंट थेट इनटेकमध्ये शिरतं. गाडी उभी असताना एखाद्या सिलिंडरमध्ये साचलं तर स्टार्टर मारताच इंजिन अडकतं, कारण द्रव दाबला जात नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. आधी सहाही स्पार्क प्लग काढा, मग क्रँक करून पाणी बाहेर काढा. नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. सुधारित किटमध्ये ईजीआर नळीचा व्यास कमी केलेला असतो, त्यामुळे भोवती हवेची फट वाढते. नुसतं जुन्यासारखंच प्लेनम बसवून उपयोग नाही, नळीही बदलली पाहिजे.

दुसरं, खालच्या मॅनिफोल्डची गॅस्केट. मूळची प्लॅस्टिक चौकटीची, कूलंटच्या छिद्रापाशी खचते. आता ॲल्युमिनियम चौकटीची मिळते, तीच घ्या. ही आतल्या बाजूला गळली तर कूलंट ऑइलमध्ये जातं आणि त्यातल्या ग्लायकॉलने बेअरिंगचा बोजवारा उडतो. डिपस्टिकवर दुधाळ चॉकलेटी थर दिसला तर ती गाडी फुकटही घेऊ नका.

तिसरं, आणि सगळ्यात स्वस्त: दोन प्लॅस्टिक एल्बो. बेल्ट टेन्शनरच्या ब्रॅकेटमधून कूलंटचा मार्ग जातो आणि त्याच्या दोन्ही टोकांना या नळ्या असतात. हात लावताच चुरा होतात. ॲल्युमिनियमच्या घ्या, ओ-रिंगला थोडं कूलंट चोळून बसवा. जुन्या एल्बोचे तुकडे मार्गात राहिलेले नाहीत ना, हे बोट घालून बघा. इनटेक उघडलाच आहे तर हे त्याच वेळी उरकावं.

जोडताना घाई करू नका. खालच्या मॅनिफोल्डचे बोल्ट ११ पाउंड-फूट, मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत, थ्रेडलॉकर लावून. प्लेनमचे फक्त ८९ पाउंड-इंच. इथे फूट आणि इंच यांची गल्लत झाली की नवं प्लॅस्टिक जागीच तडकतं. ॲल्युमिनियमची बैठक साफ करायला प्लॅस्टिकचं खरवडणं वापरा आणि पोर्टमध्ये फडकी कोंबून ठेवा. मॅनिफोल्ड उचलताना थोडं कूलंट हमखास व्हॅलीत (व्ही६ च्या दोन बाजूंमधल्या खोलगट भागात) सांडतं, म्हणून काम संपल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, ऑइल आणि फिल्टर बदलायचंच. कूलंट भरताना थर्मोस्टॅट हाउसिंगवरचा पितळी ब्लीड स्क्रू उघडून हवा काढा.

एक उपसूचना: बॅटरी शोधत बॉनेटखाली वेळ घालवू नका. ती मागच्या सीटखाली आहे.

शांत_हायवे
इंजिनाचं सगळं बरोबर, पण ओहायोची गाडी आहे म्हणून आधी गाडीखाली झोपा. मिठाच्या रस्त्यावर ३८०० शाबूत राहतं आणि भोवतालची गाडी सडते. ब्रेक लाइन आणि फ्युएल लाइन टाकीपासून पुढे पूर्ण टॉर्चने बघा. पोपडे आलेली लाइन म्हणजे ती लवकरच फुटणार. रॉकर पॅनल (दारांखालचा पत्रा) आणि सबफ्रेमच्या (इंजिन धरणाऱ्या खालच्या चौकटीच्या) माउंटभोवतीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर सौदा सोडा. इनटेक दुरुस्त होतो, तो पत्रा परवडत नाही.

चारही काचा खालीवर करून बघा, विंडो रेग्युलेटर या गाडीत नेहमी जातात. पुढच्या चाकातून वेगाबरोबर वाढणारी घरघर आली तर हब बेअरिंग.

चालवायला कशी? मऊ. स्टिअरिंग हलकं आणि रस्त्याची खबर फारशी देत नाही, वळणावर अंग टाकते. वळणदार रस्त्यांची हौस असेल तर ही गाडी तुमची नव्हे. पण हायवेवर ७० मैल वेगाला इंजिन इतक्या कमी फेऱ्यांत असतं की आवाज जवळजवळ येत नाही, आणि साधं ८७ ऑक्टेन पुरतं. कस्टममध्ये पुढे सलग सीट असेल तर सहा जण बसतात.

२००६ ची ब्युइक ल्युसर्न हीही विचारात घ्या: लेसेबर आणि पार्क अॅव्हेन्यू दोन्हींची जागा तिने घेतली, आणि सुरुवातीच्या व्ही६ मध्ये ३८०० सीरिज थ्री आहे. नॉर्थस्टार व्ही८ वाली मात्र टाळा. तिची दुरुस्ती प्रत्येक बाबतीत महाग.

नवा_चालक
सर्वांचे आभार. काल गाडी पुन्हा पाहिली. खालचा पत्रा चांगला आहे. पण कूलंटची पातळी खाली होती आणि जमिनीवर एक थेंब नाही. गरम झाल्यावर पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना झटकाही बसतो. मालक म्हणतात, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच. काय समजायचं?

टॉर्क_रेंच
दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, वेगवेगळ्या तपासा.

थेंब न सांडता कूलंट कमी होतं म्हणजे ते इंजिनातच जातंय असं धरून चाला. गाडी पूर्ण थंड असताना प्रेशर टेस्टर लावून सुमारे १५ पीएसआय भरा आणि अर्धा तास सोडा. काटा उतरला आणि बाहेर ओल नाही, तर थ्रॉटल बॉडी काढून प्लेनमच्या आत टॉर्च मारा. ओल किंवा कूलंटचा गोडसर वास आला की निकाल लागला. टेन्शनर ब्रॅकेटच्या मागेही बघा, एल्बोची बारीक गळती गरम इंजिनावर वाळून जाते आणि फक्त पांढरट डाग उरतो. स्पार्क प्लग काढा. एकच प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. पुढच्या बाजूला १, ३, ५ आणि फायरवॉलकडे २, ४, ६.

झटक्यासाठी स्कॅनर लावा. गिअरबॉक्स ४टी६५-ई आहे आणि त्यात पी१८११ कोड आला तर बहुतेक प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड. भाग छोटा, पण तो बाजूच्या कव्हरमागे असतो आणि कव्हर काढायला सबफ्रेमची डावी बाजू खाली घ्यावी लागते. मजुरी तिथेच जाते. आधी ऑइलचा रंग-वास बघा. जळका वास आणि काळपट रंग असेल तर झटका आता क्लचपर्यंत पोचलाय, नुसत्या सोलेनॉइडने भागणार नाही. लालसर स्वच्छ असेल तर सोलेनॉइड, फिल्टर आणि नवीन डेक्सरॉन सिक्स. पॅन उतरवल्यावर साधारण सात लिटर लागतं.

फ्लिंटकर
एक राहिलं. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ऑइल ठिबकून आग लागण्याच्या धोक्यामुळे जीएमने २०१५ मध्ये ३८०० च्या सुमारे १४ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यात १९९७ ते २००४ च्या ब्युइक रीगल होत्या. लेसेबर त्या यादीत नव्हती, पण इंजिन तेच आहे. त्यामुळे दोन्ही व्हॉल्व्ह कव्हरच्या खालच्या कडा टॉर्चने बघा. आणि गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) एनएचटीएसए या अमेरिकी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघा, उघडे रिकॉल तिथे विनामूल्य दिसतात.

प्लेनम गेलंय असं निघालं तर मालकाकडून इनटेकच्या पूर्ण कामाची किंमत वजा करून घ्या. पण त्याच्याकडून दुरुस्ती करवून घेऊ नका. सुधारित नळी आणि ॲल्युमिनियम गॅस्केट बसलं की नाही, हे बंद इंजिनावरून तुम्हाला कळणार नाही.