मदत हवी आहे: रत्नागिरी-सिंधुदुर्गची 1971 ते 2011 वय-लिंगनिहाय लोकसंख्या

पाच-पाच वर्षांच्या गटांत मागचे आकडे बसवतोय. सिंधुदुर्ग 1981 साली वेगळा झाला, म्हणून दोन्ही जिल्हे एकत्रच धरलेत. सांगितलेली वयं 0 आणि 5 ने संपणाऱ्या आकड्यांवर साचतात (आजीचं वय कायम साठच!), तो भाग गुळगुळीत करून घेतलाय. जिल्ह्याची जीवनसारणी (कोणत्या वयाचे किती जण पुढे जगतात त्याचा तक्ता) मिळत नाही, म्हणून सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीची (SRS) महाराष्ट्र ग्रामीण सारणी वापरली.

बायकांचे आकडे ठीक जुळतात. पुरुषांचं घोडं अडतं. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया, म्हणजे कमावते मुंबईला. साठीनंतर बरेच गावी परततात. त्यामुळे 2011 चे 60-64 चे पुरुष उलट जगवत (मधल्या काळात मेलेले परत मिळवून) मागे नेले की 1981 चे 30-34 चे पुरुष प्रत्यक्षापेक्षा फुगतात.

दोन जनगणनांतल्या शेष फरकातून (मृत्यू वजा करूनही जो फरक उरतो त्यातून) स्थलांतर काढून पाहिलं, पण त्यात मोजणीतली गळती आणि मृत्युदरातली चूकही मिसळते. म्हणून आता बेझियन पुनर्रचनेकडे (आधीचा अंदाज आणि जनगणनेचे आकडे जोडून, अनिश्चिततेसकट मागची लोकसंख्या काढणं) वळतोय. आर (R ही संख्याशास्त्राची संगणकभाषा) येतं, पण गावपातळीची कच्ची माहिती हाताशी नाही.

स्थलांतराचं पूर्ववितरण (prior, म्हणजे आकडे पाहण्याआधीचा अंदाज) सगळ्या वयांना सारखं न ठेवता 15-39 च्या पुरुषांना उणे आणि 60 नंतर अधिक मध्य दिला, तर निकाल माझ्याच गृहीतकाचा आरसा होणार नाही ना? त्या अंदाजाचं विचलन (पसारा) किती सैल ठेवावं, हे कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का?