शब्दचर्चा : एक्लिप्सच्या मार्गदर्शिकेत ‘बिल्ड’, ‘ब्रेकपॉइंट’, ‘वर्कस्पेस’ यांना काय म्हणावं? (बोलणाऱ्यांची नावं सोलापुरातल्या भागांवरून आहेत.)

अशोक चौक :
पॉलिटेक्निकमध्ये पहिल्यांदाच जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या मुलांसाठी एक्लिप्सची, म्हणजे कोड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरची, मराठी मार्गदर्शिका तयार होते आहे. एकाच बाकावर घरी मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी मुलं असतात, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. मसुद्यात सध्या असे शब्द आहेत : वर्कस्पेस (प्रोजेक्ट ठेवायचा फोल्डर) = कार्यावकाश, पर्स्पेक्टिव्ह (पडद्यावरच्या खिडक्यांची रचना) = दृष्टिकोन, कंपाइल = संकलन, बिल्ड = बांधणी, ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम मध्येच थांबवायची खूण) = खंडनबिंदू, डिबग (प्रोग्रॅममधली चूक शोधणं) = दोषनिवारण. हे ठेवावेत का? आणि कंपाइल, बिल्ड, रन यांतला फरक मुलांना कळेल असा कसा लिहावा?

सात रस्ता :
ठेवू नका. मूल पुस्तकात ‘कार्यावकाश बदला’ वाचणार आणि पडद्यावर तो शब्द शोधत बसणार. एक्लिप्सच्या मेनूत ‘स्विच वर्कस्पेस’ लिहिलेलं असतं. पडद्यावर जे नाव आहे ते जसंच्या तसं, देवनागरीत, अवतरणात द्या. ती वस्तू काय करते हे मात्र मराठीत सांगा, आणि तिथे हात आखडू नका.

उदाहरणार्थ मसुद्यातलं वाक्य असं असेल : ‘कार्यावकाश निश्चित करून नवीन प्रकल्पाची निर्मिती करावी.’ याऐवजी : ‘एक्लिप्स सुरू होताना वर्कस्पेसचा फोल्डर विचारतं. डी ड्राइव्हवर स्वतःचा फोल्डर द्या आणि लाँच दाबा. मग फाइल > न्यू > जावा प्रोजेक्ट. नाव लिहा. खाली मॉड्यूल-इन्फो फाइल बनवायची खूण असेल तर ती काढा. फिनिश.’ ती खूण का काढायची हेही तिथेच सांगा. ती राहिली आणि मुलाने पॅकेज (क्लास ठेवायचा गट) न देता क्लास (जावाच्या कोडाचा मूळ घटक) बनवला, तर पहिल्याच ओळीवर लाल रेघ येते. मॉड्यूल असेल तर पॅकेजला नाव असावंच लागतं. पहिल्या तासाला हे समजावणं कठीण.

होटगी रोड :
‘संकलन’ला तर माझा साफ विरोध. मराठीत संकलन म्हणजे लेखांचं, नाहीतर सिनेमाचं. प्रोग्रॅमचं संकलन म्हटलं की मुलाला वाटतं, इकडच्या तिकडच्या फाइली गोळा करायच्या आहेत.

जुळे सोलापूर :
कंपाइल-बिल्ड-रन यावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथे शब्दापेक्षा घोटाळा जास्त आहे.

कंपाइल : तुम्ही लिहिलेली एक फाइल तपासून तिचं बाइटकोडमध्ये, म्हणजे जावाला चालवता येईल अशा रूपात, रूपांतर करणं. बिल्ड : अख्ख्या प्रोजेक्टमध्ये काय बदललंय ते बघून, लागतील तेवढ्या फाइली कंपाइल करून, तयार माल ‘बिन’ फोल्डरमध्ये ठेवणं. रन : तो तयार माल चालवणं. इथवर कोणतंही पुस्तक सांगतं.

पण टर्बो सी++ हे जुनं सॉफ्टवेअर बघून आलेलं मूल विचारतं, ‘एक्लिप्समध्ये कंपाइलचं बटण कुठाय?’ नाहीये. ‘प्रोजेक्ट’ मेनूत ‘बिल्ड ऑटोमॅटिकली’ला खूण असते. त्यामुळे कंट्रोल-एस दाबून फाइल सेव्ह केली की कंपाइल आपोआप होतं. ती खूण चुकून निघाली तर काय होतं? सेव्ह केल्यावर कंपाइल होत नाही, आणि रनच्या आधी बिल्ड करण्याची सेटिंगही बंद असेल तर रन केल्यावर जुनंच उत्तर येत राहतं. अशा वेळी खूण परत लावा. तरीही उत्तर हलेना तर प्रोजेक्ट > क्लीन. क्लीन म्हणजे ‘बिन’मधला जुना माल काढून सगळं नव्याने बिल्ड. तुमच्या कोडला ते हात लावत नाही. मार्गदर्शिकेत ‘स्वच्छ करा’ लिहिलंत तर मुलं ते बटण दाबायला घाबरतील.

दुसरी गोष्ट, जी बऱ्याच पुस्तकांत नसते. जावाच्या नेहमीच्या कंपायलरला चूक सापडली की तो क्लास फाइल बनवतच नाही. एक्लिप्सचा स्वतःचा कंपायलर वेगळा आहे. चूक ज्या मेथडमध्ये (क्लासमधल्या नाव दिलेल्या कोडाच्या तुकड्यात) आहे तेवढी सोडून बाकीचं तो बनवून ठेवतो. म्हणून लाल खूण असताना रन केलं की ‘एरर्स एक्झिस्ट’ असं विचारणारी खिडकी येते. ‘प्रोसीड’ दाबलं तर प्रोग्रॅम खरोखर सुरू होतो, आणि त्या मेथडला पोचल्यावर ‘अनरिझॉल्व्ह्ड कंपायलेशन प्रॉब्लेम’ म्हणून कोसळतो. मुलाला वाटतं, प्रोग्रॅम निम्मा तरी बरोबर आहे. मार्गदर्शिकेत ठळक लिहा : ही खिडकी आली की ‘कॅन्सल’, आधी खालच्या ‘प्रॉब्लेम्स’मधल्या चुका. त्याही वरून खाली. पहिली सुटली की पुढच्या कित्येक आपोआप जातात.

अशोक चौक :
छान सांगितलंत. म्हणजे ‘बांधणी’ बाद. ब्रेकपॉइंटचं काय?

विडी घरकुल :
‘खंडनबिंदू’ वाचून कुणालाही वाटेल की प्रोग्रॅम तिथे तुटला. तो तुटत नाही, थांबतो. आपल्याकडे एसटीचा ‘थांबा’ हा शब्द आहे की! आणि अट घातलेल्या ब्रेकपॉइंटला ‘विनंती थांबा’ म्हणा. गंमत म्हणून नाही, मुलांच्या लगेच ध्यानात येतं.

कृती अशी द्या. ओळीच्या डाव्या पट्टीवर डबल क्लिक, निळा ठिपका येतो. मग रन नाही, डीबग : एफ-११. अट घालायची तर ठिपक्यावर उजवं क्लिक > ब्रेकपॉइंट प्रॉपर्टीज, ‘कंडिशनल’ला खूण आणि खाली अट. शंभर टॉवेलांच्या बिलाचं लूप आहे आणि ३७व्या नगाला रक्कम चुकते, तर मोजणीचा चल (व्हेरिएबल) ३७ झाला की थांब, असं लिहायचं. बरोबरची चिन्हं दोन हवीत. एकच टाकलं तर तो आकडा चलात भरणं होतं, तुलना होत नाही, आणि एक्लिप्स अटीतच चूक असल्याचं सांगतं.

ठिपका आहे तरी थांबत नाही, याची कारणं बहुतेक वेळा दोनच. एक, डीबगऐवजी रन दाबलंय. दोन, ‘स्किप ऑल ब्रेकपॉइंट्स’ चालू राहिलंय. तेव्हा ठिपक्यांवर तिरकी रेघ दिसते.

सात रस्ता :
‘थांबा’ आवडला. फक्त एक जोडा : प्रोग्रॅम त्या ओळीच्या *आधी* थांबतो. रंगीत पट्टा ज्या ओळीवर दिसतो ती अजून चाललेली नसते. बेरजेच्या ओळीवर थांबा टाकून मुलं ‘व्हेरिएबल्स’मध्ये बेरीज शोधतात. त्याच ओळीत तो चल पहिल्यांदा तयार होत असेल, तर तिथे त्याचं नावसुद्धा नसतं. एकदा एफ-६ दाबा, नाव आणि आकडा दोन्ही येतात. ‘ओळीवर थांबतो’ असं ढोबळ लिहिलंत तर मार्गदर्शिका इथे नापास.

होटगी रोड :
एफ-६ वरून आठवलं, मसुद्यात नुसत्या कळा दिल्या असतील तर सावध. कळा सगळीकडे सारख्या नाहीत. एक्लिप्समध्ये एफ-५ स्टेप इन्टू, एफ-६ स्टेप ओव्हर, एफ-७ स्टेप रिटर्न, एफ-८ रिझ्यूम. टर्बो सी++ मध्ये एफ-७ आत शिरायला आणि एफ-८ वरून पुढे जायला. व्हीएस कोड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-११ आत, एफ-१० पुढे आणि एफ-५ म्हणजे प्रोग्रॅमला थेट पुढे सोडून देणं. टर्बोची सवय असलेलं मूल एक्लिप्समध्ये एफ-८ दाबतं, प्रोग्रॅम भर्रकन शेवटाला जातो, आणि ते म्हणतं ‘डीबग चालत नाही’. आधी क्रियेचं नाव, मग कळ, असंच लिहा. काही लॅपटॉपवर एफएन कळ धरून ठेवावी लागते, तेही एकदा सांगून टाका.

अशोक चौक :
स्टेप इन्टू आणि स्टेप ओव्हर यांना ‘अंतर्गमन’ आणि ‘उल्लंघन’ असं एकाने सुचवलंय.

होटगी रोड :
उल्लंघन नियमाचं होतं ओ! ‘आत शिरा’, ‘आत न शिरता पुढच्या ओळीवर जा’, ‘बाहेर या’. झालं. ‘स्टेप ओव्हर’चं ‘ओळ वगळा’ असं भाषांतर तर मुळीच नको. ती ओळ पूर्ण चालते, तिच्यातली मेथडही चालते, आपण फक्त आत जाऊन बघत नाही. ‘वगळा’ वाचलेलं मूल पुढे चल बदललेला बघून गोंधळतं.

आणि छापायच्या ओळीवर एफ-५ दाबू नका, हे लिहा. प्रिंटएलएनच्या आत शिरलं की जावाच्या स्वतःच्या कोडात जाऊन पडतो. सोर्स जोडलेला नसेल तर ‘सोर्स नॉट फाउंड’. घाबरायचं नाही, एफ-७ ने बाहेर यायचं.

साखर पेठ :
‘पर्स्पेक्टिव्ह’साठी ‘मांडणी’ चांगला. डीबग सुरू करताना ‘मांडणी बदलू का?’ असं विचारतात, त्याला हो म्हटलं की सगळ्या खिडक्या हलतात आणि मूल म्हणतं कोड गेला. उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या जावाच्या चिन्हावर क्लिक केलं की परत येतं. एखादी पट्टी बंदच झाली असेल तर विंडो > पर्स्पेक्टिव्ह > रीसेट पर्स्पेक्टिव्ह.

विडी घरकुल :
कुणी ‘डिलीट’ आणि ‘इम्पोर्ट’वर बोललेलंच नाही. खरं नुकसान तिथे होतं.

प्रोजेक्टवर डिलीट दाबलं की खिडकी येते, तिच्यात डिस्कवरचा मजकूरही काढायचा का, अशी चौकट असते. खूण केली नाही तर प्रोजेक्ट फक्त यादीतून जातो, फोल्डर जागेवर असतो. खूण केली तर फोल्डर पुसला जातो, आणि ते परतवता येत नाही असं तिथेच लिहिलेलं असतं. मराठीत आपल्याकडे ‘काढणं’ आणि ‘पुसणं’ असे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजी मेनूत एकच. तेव्हा ‘यादीतून काढणे’ आणि ‘डिस्कवरून पुसणे’ असे दोन परिच्छेदच करा. नुसतं ‘डिलीट करा’ लिहू नका.

यादीतून काढलेला परत आणायला फाइल > इम्पोर्ट > जनरल > एक्झिस्टिंग प्रोजेक्ट्स इन्टू वर्कस्पेस. इथे ‘कॉपी प्रोजेक्ट्स इन्टू वर्कस्पेस’ची चौकट फार महत्त्वाची. मूल पेनड्राइव्हवरून प्रोजेक्ट इम्पोर्ट करतं, चौकटीत खूण करत नाही, दिवसभर काम करतं, पेनड्राइव्ह काढून घरी जातं. दुसऱ्या दिवशी संगणकावर नाव आहे आणि आत काही नाही. कारण प्रोजेक्ट आलाच नव्हता, एक्लिप्सने फक्त त्याचा पत्ता लिहून ठेवला होता. म्हणून ‘आयात’ हा शब्द इथे फसवा आहे. आयात म्हटलं की माल आला असं वाटतं.

कोडात वरती लिहितात तो इम्पोर्ट निराळा. तिथे तर काहीच हलत नाही. क्लासचं पूर्ण नाव पुन्हा पुन्हा लिहायला लागू नये म्हणून ती सोय आहे. कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबलं की एक्लिप्स त्या ओळी स्वतः भरतं. एकाच नावाचे दोन क्लास असतील तर विचारतं. ‘डेट’च्या वेळी यूटिल पॅकेजमधला की एसक्यूएल पॅकेजमधला हे मुलाने बघून निवडायचं, वरचा पर्याय आंधळेपणाने नाही.

जुळे सोलापूर :
बरोबर. वर्कस्पेसबद्दल दोन ओळी. तो साधा फोल्डर दिसतो, पण आत ‘मेटाडेटा’ नावाचा फोल्डर असतो आणि अक्षरांचा आकार, रंग, बऱ्याच सेटिंग तिथे राहतात. म्हणून वर्कस्पेस बदलला की ‘माझ्या सेटिंग गेल्या’ ही तक्रार येते. गेल्या नाहीत, जुन्या वर्कस्पेसमध्येच आहेत. एक वर्कस्पेस एका वेळी एकाच एक्लिप्समध्ये उघडतो. ‘वर्कस्पेस इन यूज’ आलं तर आधीचं एक्लिप्स पूर्ण बंद झालेलं नसतं. टास्क मॅनेजरमध्ये बघून ते बंद करा. मेटाडेटा पुसून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

अशोक चौक :
मग ठरलं असं : पडद्यावरची नावं तशीच, ‘थांबा’ आणि ‘मांडणी’ हे दोन शब्द समजावण्यापुरते. उदाहरणांत चलांची नावं मराठीत, देवनागरीत दिली तर चालतील का? भाव, नग, एकूण अशी?

सात रस्ता :
जावाला चालतात. मात्र आधी विंडो > प्रेफरन्सेस > जनरल > वर्कस्पेस इथे टेक्स्ट फाइल एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे का बघा. २०२२ च्या मध्यानंतरच्या आवृत्त्यांत नव्या वर्कस्पेसला तेच असतं. विंडोजवरच्या जुन्या एक्लिप्समध्ये सीपी-१२५२ असतं, त्यात देवनागरी बसत नाही आणि सेव्ह करतानाच अडतं.

बिघाड दोन तऱ्हेचे, ते वेगळे दाखवा. कोडात नीट अक्षरं आणि कन्सोलवर (उत्तर दिसतं त्या पट्टीत) प्रश्नचिन्हं : फाइल शाबूत आहे, रन कॉन्फिगरेशन्स > कॉमनमधलं एन्कोडिंग बदला. कोडातच टोप्या-टिंबांची युरोपीय अक्षरं : फाइल चुकीच्या एन्कोडिंगने उघडली आहे. त्यात काही दुरुस्त करत बसू नका, सेव्हही करू नका. एन्कोडिंग बदला, अक्षरं परत येतात.

आकडे मात्र इंग्रजीच. कोडात देवनागरी ५ लिहिला तर कंपायलर घेत नाही. वापरणाऱ्याने टाइप केलेला ‘५’ पार्सइंट (मजकुराचा आकडा करणारी मेथड) बिनतक्रार वाचतं, हा वेगळा मुद्दा.

साखर पेठ :
आणि नावांत ‘ऱ्य’ टाळा. ‘दुसऱ्याभाव’ असं नाव एका कीबोर्डवर ऱ हे अख्खं अक्षर घेऊन लिहिलं जातं, दुसऱ्यावर र आणि खाली नुक्ता असं. डोळ्याला दोन्ही सारखेच, जावाला दोन निराळी नावं. ‘कॅनॉट बी रिझॉल्व्ह्ड’ येतं आणि कितीही निरखून बघितलं तरी चूक दिसत नाही. चल जिथे पहिल्यांदा लिहिलाय तिथून कॉपी करून खाली डकवला की लाल रेघ जाते. शिवाय भाषा बदलायची कळ कंट्रोल-स्पेस ठेवली असेल तर ती बदला. एक्लिप्समध्ये शब्द सुचवायची कळ तीच आहे.