एलन स्वतःला फसवते आहे, की समोर कोण बसलंय ते पाहून बोलते आहे?

तलावपाळी: शनिवारी नौपाड्यातल्या आमच्या वाचनगटात कॅथरीन मॅन्सफिल्डची 'द लेडीज मेड' (१९२०) वाचली. अख्खी कथा म्हणजे एलन या मोलकरणीचं बोलणं. रात्री अकरा वाजता ती मालकिणीकडे उतरलेल्या पाहुणीच्या खोलीत उरलेला चहा घेऊन येते आणि बोलत सुटते. पाहुणीचा एक शब्दही छापलेला नाही, तिच्या जागी नुसती टिंबं. हॅरीचं फुलांचं दुकान, त्याच्याशी ठरलेलं लग्न, आणि फर्निचर बघायला जायचा दिवस. त्या दिवशी एलनने मालकिणीला विचारलं, मी लग्न करू नये असं वाटतं का तुम्हाला? त्या म्हणाल्या, छे, मुळीच नाही. पण एलनला आरशात दिसलं, त्यांचा हात छातीवर गेला होता. तिने लग्न मोडलं.

गटात सगळ्यांचा एकच निकाल: अविश्वसनीय निवेदक, स्वतःची समजूत घालणारी बाई. मला तो अजिबात पटला नाही. ऐकणारी मालकिणीची मैत्रीण आहे, बोललेलं उद्या सकाळी मालकिणीच्या कानावर जाऊ शकतं. अशा ठिकाणी आपल्यापैकी कोण मोकळं बोललं असतं?

नौपाडकर: निकाल देणाऱ्यांत मीही होतो. अमेरिकन समीक्षक वेन बूथने १९६१ साली 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा मांडली, तेव्हा त्यात माणसावर ठपका नव्हता. निवेदक सांगतो ते आणि कथा सुचवते ते यांत अंतर पडलं, एवढाच तिचा अर्थ. ते इथे पडतंच. मालकिणीने एका हाताच्या हालचालीने हिचं आयुष्य अडवलं, आणि हिला त्यात फक्त माया दिसते. तिला सगळं कळत होतं आणि ती लपवत होती असं म्हटलं, की ती हुशार ठरते, पण कथेतलं दुःखच निघून जातं.

कळव्याची: माझ्या आईने पाचपाखाडीत वर्षानुवर्षं धुणी-भांडी केली. कामावर म्हणायची, "वहिनी मला घरच्यासारखं वागवतात." घरी येऊन चपला काढता काढता त्याच वहिनींबद्दल जे बोलायची ते मी इथे लिहिणार नाही. ती दोन्हीकडे खरंच बोलत होती. वहिनींनी माझ्या दहावीची पुस्तकं घेऊन दिली होती, आणि तापात सुट्टी मागितल्यावर तोंडही वाकडं केलं होतं. तिला अविश्वसनीय म्हणण्याआधी तिचं बोलणं दोन्ही घरांत ऐकावं लागतं. एलन मालकिणीच्याच घरात राहते. चपला काढून बोलायला तिला दुसरं घरच नाही, म्हणून ती रात्री अकराला परक्या बाईचं दार ठोठावते. चहा निमित्त आहे हो.

घोडबंदर: हे सगळं मान्य. पण लिहिलंय कुणी? मॅन्सफिल्डचे वडील बँक ऑफ न्यूझीलंडचे अध्यक्ष होते. मालकिणीसाठी लग्न मोडणारी, वर कुरकुर न करणारी मोलकरीण, हे चित्र मालकांच्या घरातच सुचतं. तेव्हा शंका एलनवर कशाला घ्यायची, लेखिकेवर घ्या.

तलावपाळी: घोडबंदर, तेवढंच असतं तर रस्त्याचा प्रसंग कथेत आला नसता. अंगठी, पत्रं, ब्रूच परत देऊन एलन हॅरीला घालवते, दार लावते. मग दार उघडून बघते तर तो गेलेला. ॲप्रन आणि घरातल्या चपलांनिशी ती रस्त्यावर धावते आणि भर रस्त्यात बघत उभी राहते. हे तिला कुणी विचारलेलं नव्हतं. कळव्याची म्हणतात ते इथे मला तंतोतंत लागू पडतं: दुसरं घर नाही, म्हणून ती एवढंच एक वाक्य बाहेर सोडते.

नौपाडकर: त्या प्रसंगाकडे माझं दुर्लक्ष झालं होतं, हे कबूल. तरी माझं मत बदललेलं नाही. रस्त्यावर उभी राहिलेली एलन खरी, आणि लगेच मालकिणीचं कौतुक करणारीही तितकीच खरी. यातली एक दुसरीला ओळखत नाही, असं मला वाटतं.

कळव्याची: ओळखते. माझी आई ओळखायची.

तलावपाळी: या शनिवारी परत वाचू, मोठ्याने. कळव्याची, तुम्ही येणार असाल तर एलन तुम्ही वाचा. टिंबं आली की आम्ही सगळे गप्प बसू.