नवा कॉम्प्युटर गुढीपाडव्याला घ्यायचा की दिवाळीपर्यंत थांबायचं?

गायधनी वहिनी (बी-५०२): नमस्कार मंडळी. ईशा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरचा कॉम्प्युटर २०१७ चा, प्रोसेसर इंटेलचा आय५-७४००, सातव्या पिढीतला. रेव्हिटची (इमारतीचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) फाईल उघडायला लावली की तेवढ्यात माझी पोळ्यांची कणीक भिजवून होते. पाडव्याला नवा घ्यायचं ठरलं होतं, इथे नाशिकला कॅनडा कॉर्नरच्या दुकानातून कोटेशनही आणलं. आता तिचा भाऊ म्हणतो, वर्षाच्या शेवटी नवे प्रोसेसर येतायत, आत्ता घेणं म्हणजे पैसे पाण्यात. बजेट साठ हजार, फार तर थोडं वर. घ्यावा की थांबावं?

देवरे (सेक्रेटरी): वहिनी, हा ग्रुप सोसायटीच्या सूचनांसाठी आहे, कृपया लक्षात घ्या.

बोरसे काकू (ए-१०४): सूचना म्हणजे टँकर कधी येणार ती ना? ती तरी कुठे वेळेवर टाकता. बोलू द्या तिला.

जोशी काका (ए-२०१): साडेतीन मुहूर्तांतला पाडवा आहे. घेऊन टाका. आणि जीएसटी कमी झालाय ना सप्टेंबर २०२५ पासून, मग स्वस्तच मिळेल.

आहेर प्रशांत (सी-१०३): काका, तो कमी झाला मोठ्या टीव्हीवर आणि ३२ इंचांच्या वरच्या मॉनिटरवर, २८ चा १८ टक्के. कॉम्प्युटर आधीही १८ मध्ये होता, आताही १८ मध्येच आहे.

जोशी काका (ए-२०१): म्हणजे आमच्या फायद्याचं काही नाहीच. बरं.

निखिल (बी-३०३): काकू, ईशाचा भाऊ बरोबर बोलतोय. इंटेलचा नवा प्रोसेसर नोव्हा लेक २०२६ च्या अखेरीस येतोय, दुसऱ्या कंपनीचा, एएमडीचा, झेन ६ पण रांगेत आहे. आत्ता घेतलेलं वर्षाच्या आतच जुनं होणार. थांबा.

बोरसे काकू (ए-१०४): अरे, तोवर सिंहस्थाचं ध्वजारोहण होईल. ती पोरगी काय तोपर्यंत कणीक भिजवत बसणार का?

आहेर प्रशांत (सी-१०३): निखिल, येणार ते खरं आहे. पण आधी येतात ते महागडे. मागचा अनुभव बघ. इंटेलच्या बाराव्या पिढीचे के वाले प्रोसेसर नोव्हेंबर २०२१ मध्ये आले, सगळ्यांना परवडणारा आय५-१२४०० जानेवारी २०२२ मध्ये. एएमडीचा ७६००एक्स सप्टेंबर २०२२ ला, साधा ७६०० जानेवारी २०२३ ला. इंटेलच्या ॲरो लेकचंही तेच, ऑक्टोबर २०२४ आणि मग जानेवारी २०२५. म्हणजे यंदा अखेरीस आले तरी साठ हजारांत बसणारं काही हाती यायला पुढचं वर्ष उजाडेल. शिवाय इंटेलच्या नव्याला बोर्डही (मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग बसतात) नवा लागेल अशीच चर्चा आहे, आणि नवे बोर्ड सुरुवातीला कधीच स्वस्त नसतात.

निखिल (बी-३०३): पण नवे आले की जुन्यांचे भाव उतरतात ना?

आहेर प्रशांत (सी-१०३): प्रोसेसरचे उतरतात थोडे. पण सध्या रडायला लावतेय ती रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी. वहिनी, कोटेशनमध्ये रॅमची ओळ बघा.

गायधनी वहिनी (बी-५०२): ३२ जीबी डीडीआर५. अगंबाई, ही प्रोसेसरपेक्षा महाग आहे! मी वाचलंच नव्हतं, खालची बेरीजच बघत होते.

आहेर प्रशांत (सी-१०३): तेच सांगतोय. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, जगातली बहुतेक रॅम या तिघांच्या कारखान्यांतून येते. एआयच्या सर्व्हरना जी मेमरी लागते तिला जास्त भाव मिळतो, म्हणून तिघांनीही तिकडे जोर लावला. घरगुती गिऱ्हाईक मागे पडलं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचंच जाहीर केलं. गेल्या गणपतीत जे किट मिळत होतं त्याचा भाव आज दुपटीच्याही वर आहे. एसएसडीही (हार्डडिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) त्याच वाटेवर. आणि गंमत म्हणजे नोव्हा लेक काय, झेन ६ काय, दोघांनाही हीच डीडीआर५ जातीची रॅम लागणार. थांबून प्रोसेसर नवा मिळेल, रॅम स्वस्त मिळेल याची काहीच खात्री नाही.

जोशी काका (ए-२०१): म्हणजे लासलगावला आवक घटली की भाव चढतो, तसं.

आहेर प्रशांत (सी-१०३): तसंच, फक्त कांदा चार महिन्यांत पुन्हा येतो. चिपचा कारखाना उभा राहून माल द्यायला काही वर्षं जातात.

पगार (सी-४०१): मॅकबुक घ्या सरळ. आमच्या पुतणीने पुण्यात घेतलंय, एक तक्रार नाही.

ईशा (बी-५०२): काका, रेव्हिट मॅकवर चालत नाही, फक्त विंडोज. आमच्या वर्गात एकीने घेतलंय, ती सबमिशनच्या आठवड्यात मैत्रिणींच्या घरी राहायला जाते.

पगार (सी-४०१): मग लॅपटॉप? कॉलेजला नेता येईल.

ईशा (बी-५०२): स्टुडिओत दाखवायला पीडीएफ पुरते, आईचा जुना लॅपटॉप चालतो. काम घरी रात्रीच होतं. आणि त्याच पैशात डेस्कटॉप जास्त जोरात चालतो.

आहेर प्रशांत (सी-१०३): बरोबर. आणि आताच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. ईशा, नेमकं काय काय चालवतेस ते सांग. आणि टास्क मॅनेजर उघडून रॅम किती भरते तेही.

ईशा (बी-५०२): ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअप. रेंडरला (आराखड्याचं खऱ्यासारखं चित्र काढायला) एन्स्केप, पण ते उघडलं की सगळं गोठतं. रॅम ८ जीबी आहे, रेव्हिट आणि क्रोम दोन्ही उघडे असले की ९५ टक्क्यांच्या वरच. साधी हार्डडिस्क. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. एप्रिलमध्ये ज्युरी (परीक्षकांपुढे ड्रॉइंग मांडायची परीक्षा) आहे दादा.

आहेर प्रशांत (सी-१०३): मग थांबायचा प्रश्नच मिटला. ज्युरी एप्रिलमध्ये आणि प्रोसेसर डिसेंबरमध्ये! ऑटोडेस्क स्वतःच रेव्हिटला कमीत कमी १६ जीबी सांगते, तू ८ वर ओढतेयस म्हणजे कमाल आहे. रेव्हिटचं मॉडेलिंगचं बरंचसं काम एकाच कोअरवर (प्रोसेसरमधलं एक डोकं म्हण) होतं, त्यामुळे चोवीस कोअरचा राक्षस घेऊन काही उपयोग नाही. एक कोअर चपळ हवा, रॅम पुरेशी हवी, एसएसडी हवी. एन्स्केप मात्र सगळं ग्राफिक्स कार्डावर चालतं.

बोरसे काकू (ए-१०४): मग त्याच कॉम्प्युटरमध्ये नुसता प्रोसेसर बदलून नाही का होत? आमची मिक्सरची मोटर बदलली, चालतोय अजून.

आहेर प्रशांत (सी-१०३): काकू, प्रश्न एकदम रास्त. पण इंटेलने तिथे खोडी करून ठेवलीय. आठवी पिढी बसते त्याच आकाराच्या सॉकेटमध्ये, पण जुना बोर्ड तिला ओळखत नाही, बोर्ड नवाच लागतो. फार तर सातव्या पिढीतला आय७ बसेल, आणि विंडोज ११ त्यालाही घेत नाही. ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

निखिल (बी-३०३): मग सेकंड हँड आय९-१४९००के घ्या की. ऑनलाइन बघितला, स्वस्तात देतोय एक जण.

आहेर प्रशांत (सी-१०३): स्वस्तात का देतोय ते त्याला विचार आधी. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू खराब होत होते. २०२४ मध्ये इंटेलने बायोसचं (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट दिलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जो चिप आधीच खराब झालाय तो अपडेटने बरा होत नाही. बिल नसलेला तसला प्रोसेसर मी फुकटही घरात घेणार नाही.

देवरे (सेक्रेटरी): सूचना: उद्या सकाळी १० ते १२ टाकी साफसफाई. पाणी भरून ठेवावे.

सोनवणे (सी-३०१): प्रशांत, एक विचारू? सातपूरच्या ऑफिसचा कॉम्प्युटर पावसाळ्यात लाईट वर-खाली होऊन गेला. बोर्ड जळाला. पण रॅमच्या दोन पट्ट्या काढून कपाटात ठेवल्यात. ८-८ जीबी, डीडीआर४, ३२०० लिहिलंय. कुणाला उपयोग असेल तर माझ्याकडे धूळच खातायत.

आहेर प्रशांत (सी-१०३): सोनवणे साहेब!! आधी का नाही बोललात. आता सगळं गणितच बदललं.

गायधनी वहिनी (बी-५०२): म्हणजे काय ते मला समजेल असं सांगा.

आहेर प्रशांत (सी-१०३): नव्या बोर्डांत डीडीआर५च बसते, सोनवणे साहेबांची डीडीआर४ तिच्या आधीच्या पिढीची. पण इंटेलच्या बाराव्या पिढीसाठी डीडीआर४ वाले बोर्ड निघतात. त्यावर आय५-१२४०० घ्यायचा, सहा कोअर बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). तुमच्या आत्ताच्या आय५-७४०० मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत. बाराव्या पिढीला ती व्होल्टेजची भानगड नाही. बोर्ड रॅमचे चार स्लॉटवाला बघा. सोनवणे साहेबांच्या दोन पट्ट्या दोन स्लॉटमध्ये, उरलेले दोन रिकामे. पुढे कधी डीडीआर४ बरी मिळाली तर आणखी १६ टाकायची. कोटेशनमधली सगळ्यात जड ओळ आत्तापुरती उडाली. ते वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

निखिल (बी-३०३): दादा, पण तो प्लॅटफॉर्म मेलाय. त्या सॉकेटची शेवटची पिढी चौदावी. एएमडीचा एएम५ सॉकेट घेतला तर पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल, एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ म्हटलंय.

आहेर प्रशांत (सी-१०३): हे तुझं अगदी खरं आहे. हातात लाखभर असते तर मीही एएम५च सांगितलं असतं. पण तू सांग, तुझ्या ओळखीत किती जणांनी तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलला? लोक सगळंच बदलतात. ईशाला आत्ता डिग्री संपेपर्यंतचं मशीन हवंय. नोकरीला लागली की ऑफिसचं मिळेल, नाहीतर स्वतःच्या पैशाने घेईल, तेव्हा झेन ६ असेल नाहीतर ७.

ईशा (बी-५०२): ग्राफिक्स कार्ड आत्ता बदलायलाच हवं का? सगळं एकदम नको वाटतंय.

आहेर प्रशांत (सी-१०३): ज्युरीपर्यंत जुनंच लाव, बाकीचं बदलल्यावरच बराच फरक पडेल. पण ते फार काळ नको. एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला बंद केले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. आणि कार्डावरही मेमरीच असते, त्यामुळे तीही स्वस्त होतील या आशेवर राहू नकोस. ८ जीबीच्या खालचं घेऊ नकोस एवढंच.

जोशी काका (ए-२०१): मुंबईला लॅमिंग्टन रोडला का नाही जात? सकाळी पंचवटी एक्सप्रेसने जायचं, संध्याकाळी पंचवटीनेच परत.

गायधनी वहिनी (बी-५०२): काका, बिघडलं तर दर वेळी पंचवटी पकडायची का? इथला दुकानदार निदान ओळखीचा आहे.

आहेर प्रशांत (सी-१०३): कोटेशन घेताना प्रत्येक भागाचं नाव आणि मॉडेल बिलावर लिहून घ्या. नुसतं "एसएसडी ५१२" असं चालणार नाही. आणि पॉवर सप्लाय नावाजलेल्या कंपनीचाच घ्या, तिथे हजार वाचवू नका, सोनवणे साहेबांचं ऐकलंत ना. जमलं तर यूपीएस. मे महिन्यात वळीव सुरू झाला की आपल्याकडे लाईटचा लपंडाव ठरलेलाच.

सोनवणे (सी-३०१): पट्ट्या संध्याकाळी घेऊन जा ईशा. पैसे नको, माझ्या गच्चीवरच्या शेडचं ड्रॉइंग करून दे.

देवरे (सेक्रेटरी): गच्चीवर कसली शेड? परवानगी घेतलीय का?

सोनवणे (सी-३०१): ड्रॉइंग झाल्यावरच मागणार ना साहेब.

गायधनी वहिनी (बी-५०२): ठरलं मग. पाडव्यालाच. ईशाच्या भावाला मी समजावते. प्रशांत, शनिवारी दुकानात येशील का सोबत? जेवायला आमच्याकडेच.

आहेर प्रशांत (सी-१०३): येतो वहिनी. दुकानात पट्ट्या बसवून, मशीन चालू करून, रॅमची टेस्ट लावून मगच पैसे देऊ. कपाटातली आहे, चालेलच असं नाही.

देवरे (सेक्रेटरी): वहिनी, जुन्याचं काय करणार? सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर तर त्याहून जुना आहे. मेंटेनन्सची बिलं काढताना बंद पडतो.

बोरसे काकू (ए-१०४): आता बरा सोसायटीचा विषय झाला हा!

आहेर प्रशांत (सी-१०३): त्याची ८ जीबी त्यातच राहतेय, त्यामुळे बिलांना उत्तम चालेल. मात्र एक छोटी एसएसडी सोसायटीने घालावी. विंडोज १० चं सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतं, त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने नोंदणी करावी लागते. त्यानंतर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट सिस्टिम बसवून देतो. पण सोसायटीचं नेटबँकिंग तोवरही त्यावर नको.

देवरे (सेक्रेटरी): लिनक्समध्ये आमची एक्सेलची शीट उघडेल का? अकरा वर्षांचा हिशेब आहे त्यात.

आहेर प्रशांत (सी-१०३): लिबरऑफिसमध्ये उघडेल. मॅक्रो आहेत का?

देवरे (सेक्रेटरी): ते काय असतं?

आहेर प्रशांत (सी-१०३): मग उघडेल.

देवरे (सेक्रेटरी): एसएसडीचा खर्च कमिटीपुढे ठेवतो. तीन कोटेशन लागतील.

ईशा (बी-५०२): देवरे काका, देईन पण ज्युरी झाल्यावर. दोन वर्षांची सगळी ड्रॉइंग त्याच हार्डडिस्कवर आहेत, बॅकअप घेतल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.