खिओस बेटावरील मस्तकीची गावे: तटबंदी नेमकी कोणासाठी?

सागरवाट (प्रश्न):
काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारी रुमी मस्तकी ही ग्रीसच्या खिओस बेटावरील झाडांची राळ आहे, हे वाचल्यापासून तिथल्या पिरगी आणि मेस्ता या गावांविषयी कुतूहल आहे. छायाचित्रांत मेस्ता एखाद्या गढीसारखे दिसते, तर पिरगीतील घरांच्या दर्शनी भिंती काळ्या-पांढऱ्या नक्षीने भरलेल्या आहेत. शेतकऱ्यांच्या गावांना एवढ्या तटबंदीची गरज का भासली? ती नक्षी कशी करतात? आणि ही गावे आजही राळेवर जगतात, की पर्यटकांसाठी सजवून ठेवली आहेत?

बुरूज:
पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. १३४६ ते १५६६ या काळात खिओस जिनोआच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होते. जुस्तिनियानी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या कंपनीने मस्तकीच्या व्यापाराचा मक्ता स्वतःकडे ठेवला आणि दक्षिणेकडील वस्त्यांना आज दिसतो तो बंदिस्त आकार दिला. मेस्तामध्ये वेगळा तट असा नाही: कडेची घरे एकमेकांना चिकटून बांधलेली असून त्यांच्या बाहेरील बाजूच्या, पूर्वी जवळजवळ खिडक्याच नसलेल्या भिंती हाच गावाचा तट. आत अरुंद, कमानींनी झाकलेले बोळ आहेत आणि गच्च्या साधारण एका पातळीत असल्यामुळे संकटाच्या वेळी लोकांना त्यांवरून मधल्या बुरुजापर्यंत पोचता येई. पिरगीत तो बुरूज पडक्या स्थितीत उभा आहे. मेस्तात त्याच्या जागी एकोणिसाव्या शतकात मोठे चर्च बांधले गेले.

समुद्री चाच्यांपासून संरक्षण हे कारण सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. तरीही माझ्या मते ते अर्धेच उत्तर आहे. माल मक्तेदारांचा आणि चोरीला कठोर शिक्षा, अशा व्यवस्थेत माणसांची ये-जा मोजक्या दरवाजांतूनच होणे हे राज्यकर्त्यांच्याही सोयीचे होते. पुढे ऑटोमन अमलात या गावांचा कर मस्तकीच्या रूपाने घेतला जाई व त्यांना काही सवलतीही होत्या. १८२२ मध्ये बेटावर भीषण कत्तल झाली, तेव्हा ही गावे बऱ्याच अंशी वाचली ती त्याच उत्पन्नामुळे, असे मानले जाते.

पानमळा:
नक्षीचे तंत्र कल्पक, पण समजायला सोपे आहे. भिंतीवर काळसर वाळूचा गिलावा करून त्यावर चुन्याचा हात देतात आणि तो ओला असतानाच आकृत्या आखून ठरावीक भाग खरवडतात, म्हणजे खालचा गडद थर उघडा पडतो. त्रिकोण, चौकोन, वर्तुळे यांच्या पट्ट्या मजल्यामागून मजला चढत जातात. शरद ऋतूत त्याच भिंतींवर लहान टोमॅटोंच्या माळा वाळत घातलेल्या असतात.

राळेचे काम मात्र फार किचकट आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडाखालची जमीन झाडून, सपाट करून तिच्यावर पांढरी चुनखडीची भुकटी पसरतात, जेणेकरून पडणारी राळ स्वच्छ राहील. मग जुलै-ऑगस्टमध्ये टोकदार हत्याराने खोडाला बारीक चिरा देतात. पाझरलेले थेंब घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. ग्रीक लोक त्यांना ‘अश्रू’ म्हणतात. वेचलेला माल चाळून, धुऊन झाल्यावर एकेका खड्याला चिकटलेली माती सुरीच्या टोकाने काढली जाते, आणि हे काम हिवाळाभर घराघरांत, मुख्यतः स्त्रियांच्या हातून, चालते. एवढे करून एका झाडामागे वर्षाला साधारण दीड-दोनशे ग्रॅमच राळ मिळते.

सागरवाट:
दोघांचेही आभार. एवढ्या कष्टांचे एवढेच फळ असेल, तर पुढची पिढी टिकते कशी? तिथे जायचे झाल्यास कधी जावे?

बुरूज:
निव्वळ मस्तकीवर जगणारी कुटुंबे थोडीच असावीत; ऑलिव्ह, इतर नोकरी आणि पर्यटन यांची जोड असते. मात्र गावे सजावटीपुरती उरलेली नाहीत, याचे श्रेय मी नक्षीपेक्षा सहकाराला देईन. १९३८ मध्ये उत्पादकांचा संघ स्थापन झाला, आणि व्यापाऱ्यांशी एकेकट्याने घासाघीस करण्याऐवजी सगळा माल संघामार्फत विकला जाऊ लागला. १९९७ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले, तर २०१४ मध्ये मस्तकीच्या लागवडीचे पारंपरिक ज्ञान युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले. तरी धोका आहेच: २०१२ च्या वणव्यात पुष्कळ झाडे जळाली, आणि नव्या झाडाला चीर देण्याजोगे व्हायला पाच-सहा वर्षे लागतात.

जायचे असल्यास ऑगस्टच्या उत्तरार्धात जावे, कारण तेव्हा चिरा देणे आणि वेचणी दोन्ही पाहायला मिळण्याची शक्यता अधिक. पिरेअस बंदरातून तसेच तुर्कस्तानच्या चेश्मेहून बोटी आहेत. पिरगीजवळचे मस्तकीचे संग्रहालय आधी पाहावे, मग गावात शिरावे.