‘पिसुणा वाचा’ म्हणजे चहाडी का?

प्रश्न : बौद्ध धम्माच्या अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचेचे, म्हणजे योग्य बोलण्याचे, विवरण करताना ‘पिसुणा वाचा’ या पाली शब्दासाठी मराठीत बहुधा ‘चहाडी’ हा शब्द योजतात. तो पुरेसा आहे का? शिवाय पंचशीलात असत्य न बोलण्याचे शील असताना या मार्गात वाचेचे वेगळे अंग कशासाठी?

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेतो. ‘मुसावादा वेरमणी’ हे चौथे शील शब्दशः असत्यापुरतेच आहे, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही ‘मी खोटे बोलणार नाही’ आणि अष्टांगिक मार्गाचे पालन या दोन प्रतिज्ञा स्वतंत्र आहेत. सम्यक वाचेत असत्याखेरीज पिसुणा वाचा, फरुसा वाचा आणि सम्फप्पलाप, म्हणजे फूट पाडणारे, कठोर आणि निरर्थक बोलणे, यांपासूनही विरती, म्हणजे दूर राहणे, अपेक्षित आहे. आणि या तिन्ही प्रकारांतले बोलणे अक्षरशः खरे असूनही दोषास्पद ठरू शकते. ‘मी खरे तेच बोललो’ असे म्हणून सुटका होत नाही, ती इथेच.

आता ‘पिसुणा’. हा शब्द संस्कृत ‘पिशुन’शी नाते सांगणारा असून गीतेतील दैवी संपत्तीच्या यादीत ‘अपैशुनम्’ आढळते ते त्याच कुळातले. सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, पिसुणा वाचेपासून दूर राहणाऱ्याचे वर्णन नेमके आहे : ‘इतो सुत्वा न अमुत्र अक्खाता इमेसं भेदाय’, म्हणजे इथले ऐकून तिथे, यांच्यात भेद पाडण्यासाठी, न सांगणारा. सारा भर ‘भेदाय’ या हेतूवर आहे. मराठीत चहाडी बहुधा अधिकाऱ्याकडे किंवा वडीलधाऱ्याकडे केली जाते आणि तिचा रोख कोणाला तरी शिक्षा व्हावी याकडे असतो. त्यामुळे ‘कळ लावणे’ किंवा ‘कान भरणे’ हे वाक्प्रचार मला मूळ अर्थाच्या अधिक जवळचे वाटतात. हा फरक व्यवहारात फार महत्त्वाचा आहे, कारण अन्यायाची तक्रार करणाऱ्याला ‘चहाडखोर’ म्हणून गप्प बसवले जाते आणि त्यासाठी धम्माचा आधार घेतला, तर तो धम्माचा विपर्यास होय.

प्रतिप्रश्न : मग ऐकणाऱ्याला दुखावणारे सत्य फरुसा वाचेत मोडत नाही का?

उत्तर : मज्झिम निकाय या पाली सुत्तसंग्रहातील अभयराजकुमार सुत्तात नेमका हाच पेच आहे. तथागत, म्हणजे बुद्ध, इतरांना अप्रिय वाटेल असे बोलतात का, असे राजकुमार अभयाने त्यांना विचारले. त्याच्या मांडीवर त्या वेळी तान्हे मूल होते. या मुलाने काटकी किंवा खडा तोंडात घातला तर काय करशील, असे बुद्धांनी विचारताच, रक्त आले तरी अनुकंपेने तो बाहेर काढीन, असे तो म्हणाला. मग बुद्धांनी वचनाचे सहा प्रकार सांगितले. त्यांतले सत्य व हितकारक वचन, ते प्रिय असो वा अप्रिय, तथागत योग्य काळ जाणून बोलतात. उरलेले चार प्रकार ते बोलतच नाहीत. ‘न ब्रूयात् सत्यमप्रियम्’ हे आपल्याकडचे सर्वपरिचित वचन अप्रिय सत्याला सरसकट मनाई करते, तर इथे गोड बोलण्यालाही काळवेळेचे तेच बंधन घातलेले आहे. म्हणून ‘फरुसा’चा अर्थ ‘अप्रिय’ असा करू नये. द्वेषाने, समोरच्याला टोचावे म्हणून उच्चारलेला शब्द, असा तो घ्यावा.